वाड्यातली मालिका आणि वाड्याबाहेरचे जग

एखादे जुने, नावाजलेले पुस्तक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मालिका होऊन आले, की दोन तर्‍हेची माणसे बोलू लागतात. पहिली म्हणतात, पुस्तकाची माती केली. दुसरी म्हणतात, पुस्तक वाचतो कोण, निदान गोष्ट घरोघरी तरी पोचली! दोन्ही म्हणण्यांत थोडेथोडे तथ्य आहे. पण दोन्हींमुळे विचार तिथल्या तिथेच थांबतो. पुस्तकातून पडद्यावर येताना गोष्टीचे नेमके काय होते, तिच्यातून काय गळते, तिला काय नवे चिकटते, आणि ह्या उलाढालीत कोणाच्या पदरात काय पडते, हे पाहण्याचा आमचा उद्देश आहे. आम्ही साहित्याचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या दरवाजावर आणि युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातील पुस्तकांवर झालेले. तेव्हा हिशेब मांडण्याची जी सवय अंगी मुरली आहे, त्याच सवयीने हा विषय मांडणार आहोत.

मालिका हा प्रकार दूरचित्रवाणीने जन्मास घातला, अशी समजूत आहे. ती खरी नाही. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, म्हणजे १८३७ ते १९०१ ह्या काळात, इंग्लंडातल्या बहुतेक गाजलेल्या कादंबर्‍या प्रथम तुकड्यातुकड्यांनीच बाहेर पडल्या. डिकन्स स्वतः 'हाउसहोल्ड वर्ड्स' नावाचे साप्ताहिक चालवीत असे. दोन पेन्स मोजले की अंक हाती पडे. १८५४ च्या एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत त्यात त्याची 'हार्ड टाइम्स' आली, आणि ती संपताच सप्टेंबरपासून एलिझाबेथ गॅस्केल ह्या बाईंची 'नॉर्थ अँड साउथ' सुरू झाली. आठवड्याचा तुकडा कोठे तोडावा, म्हणजे वाचक पुढच्या अंकासाठी खिसा चाचपील, ह्याचे एक शास्त्रच त्या वेळी तयार झाले होते. गॅस्केलबाईंना ते मानवले नाही. त्यांची गोष्ट संथ चालीची; संपादकाचे माप आखूड. डिकन्सशी त्यांचे खटके उडाले, शेवट गुंडाळावा लागला, आणि १८५५ साली पुस्तक काढताना बाईंनी तो शेवटाकडचा भाग वाढवून घेतला. लेखक आणि वाहिनी ह्यांच्यामधले आजचे भांडण असे पावणेदोनशे वर्षांचे जुने आहे.

आपल्याकडेही तोच प्रकार झाला. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यातूनच दिली. यमूचे पुढे काय होणार म्हणून माजघरे आठवडाभर ताटकळत राहत. आजच्या मालिकेच्या अखेरीस पडद्यावर उमटणारा 'क्रमशः' हा शब्द त्या छापखान्यातूनच आलेला आहे. म्हणजे जुने पुस्तक मालिका होते तेव्हा ते काही परक्या घरी जात नाही. पुष्कळदा माहेरीच परत येते.

त्या काळावरची मराठीत चांगली गाजलेली मालिका म्हणजे 'उंच माझा झोका'. वीरेन प्रधान ह्यांच्या दिग्दर्शनाखाली ती मार्च २०१२ पासून जुलै २०१३ पर्यंत झी मराठीवर चालली. लहान रमेचे काम तेजश्री वालावलकर हिने केले, मोठ्या रमाबाईंचे स्पृहा जोशी ह्यांनी, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे झाले विक्रम गायकवाड. ज्या आयुष्यावर ती बेतली त्याचा मुख्य लेखी आधार म्हणजे रमाबाईंचेच 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचे पुस्तक. ते कादंबरी नव्हे. पण कादंबरीसारखे वाचले जाते, आणि त्याचा काळ अगदी नेमका व्हिक्टोरियाचा आहे. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. सहाच दिवसांनी राणी गेली. दुसरे असे, की ज्या वसंत व्याख्यानमालांच्या निमित्ताने आपण उन्हाळ्यात एकत्र बसतो, त्यांतली पहिली पुण्यात १८७५ साली रानड्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. तेव्हा ह्या घराशी आपला संबंध पडद्यापुरता नाही.

पुस्तकातली हकीकत पुष्कळांस ठाऊक आहे. १८७३ साली, अकराव्या वर्षी, कुर्लेकरांची यमुना रानड्यांची दुसरी बायको होऊन पुण्यास आली. नवरा एकतीस वर्षांचा, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. पण वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून त्याने हे लग्न केले. मुलीला अक्षरओळख नव्हती. तिला रात्री तो शिकवू लागला, आणि दिवसा घरातल्या वडीलधार्‍या बायका त्या शिकण्याचा वचपा काढू लागल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या सभेस जाण्यावरून घरात काय काय झाले, हे वाचताना अजूनही वाचकाचा जीव गुदमरतो. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. ते बाईंस आवडले नव्हते. पतीचे नाव घ्यायचे नाही ही त्या काळची रीत. ती रमाबाईंनी अशी पाळली, की १९३८ साली ह्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा त्याचे नावच 'हिमसेल्फ', म्हणजे 'स्वतः', असे ठेवण्यात आले. सार्‍या पुस्तकात बाई नवर्‍याबद्दल बोलतात. आपल्या स्वतःच्या कामाबद्दल फार थोडे, आणि पतीच्या मृत्यूपाशी पुस्तक संपते. सेवासदन, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची चळवळ, स्त्रियांच्या मताधिकाराची खटपट, हे सारे त्यानंतरचे.

आता हिशेब. सोळा महिने, रोज अर्धा तास, म्हणजे तीनशेहून अधिक भाग. जाहिराती वजा जाता भागात बावीसेक मिनिटे उरतात असे धरले, तरी शंभर तासांहून जास्त गोष्ट झाली. मूळ पुस्तक मोठ्याने वाचून काढावयास त्याच्या पावपट वेळही लागणार नाही. मग उरलेले तास भरायचे कशाने? इथे मालिकेचा लेखक पुस्तकाचा राहत नाही, वाहिनीचा होतो. पुस्तकात एका वाक्यात आलेली नणंद पडद्यावर आठवडाभर दाराआडून ऐकत उभी राहते. पाटीवरचे अक्षर पुसले जाते, पुन्हा लिहिले जाते, पुन्हा पुसले जाते. दर भागाच्या शेवटी कोणाच्या तरी चेहर्‍यावर कॅमेरा जातो आणि ढोलके वाजते. हा दोष कोणा एका माणसाचा नव्हे, कारखान्याच्या चालीचा आहे. रोज माल निघालाच पाहिजे, तेव्हा सूत ताणावे लागते.

पण ताणल्याने सगळेच बिघडते असे म्हणणे अन्यायाचे होईल. रमाबाईंनी घरातला जाच सोसला तसाच आवरून लिहिला. त्या काळच्या कुलीन बाईची लेखणी नणंदेविषयी दोन शब्द लिहील आणि थांबेल. मालिकेने त्या दोन शब्दांना तोंड, आवाज, पदर दिला. सोवळ्यातल्या विधवा नणंदेचा राग नुसता दुष्टपणा नव्हता. जिला काहीच मिळाले नाही तिने मिळणारीकडे पाहण्याची ती नजर होती, हे पडद्यावर दिसू शकते. अकरा वर्षांच्या पोरीला कंदिलाच्या उजेडात डुलकी येते आहे आणि समोर एवढा मोठा न्यायाधीश पुस्तक धरून बसला आहे, हे पुस्तकात आपण वाचतो आणि पुढे जातो. पडद्यावर ती पोर खरोखरच पोर असते. बालविवाह म्हणजे काय, हे शंभर व्याख्यानांनी जेवढे सांगितले नसेल तेवढे त्या एका आकाराच्या फरकाने सांगितले.

आमच्या नागावात मालिका चालू असताना सुपारी सोलायला बसलेल्या बायकांत कालच्या भागाची चर्चा चाले. त्यांतल्या एका म्हातारीने एकदा आम्हांस विचारले, "भाऊ, एवढा मोठा वाडा, एवढी जेवणारी माणसं. भांडी कोण घाशी हो त्यांची?" आजूबाजूच्या बायका हसल्या. आम्हांस मात्र तो प्रश्न फार मोलाचा वाटला. त्या काळच्या अशा घरांत सोवळ्याचा स्वयंपाक घरच्या बायकांकडे असे. पण पाणी, धुणे, भांडी, शेणगोठा, झाडलोट ही गडीमाणसांची कामे. ती माणसे आठवणींच्या पुस्तकांत येतात ती नावापुरती, आणि जुन्या काळच्या मालिकांत येतात ती तबक घेऊन. तबक ठेवले की गेली. त्यांना घर असते, पोरे असतात, पगार असतो की नसतो, हे गोष्टीच्या बाहेरचे.

पुस्तकात नाही म्हणून पडद्यावर नाही, असे उत्तर कोणी देईल. ते उत्तर पुरे पडत नाही, हे दाखवण्यासाठी पुन्हा गॅस्केलबाईंकडे जावे लागेल. 'नॉर्थ अँड साउथ' ही कादंबरी कापडगिरण्यांच्या गावाची आहे. गावाचे नाव बदललेले आहे, पण ते मँचेस्टर हे उघड आहे. एका पाद्र्याची मुलगी दक्षिणेतून तिथे येते आणि तिची ओळख एकीकडे थॉर्नटन नावाच्या गिरणीमालकाशी, दुसरीकडे हिगिन्स नावाच्या युनियनवाल्याशी होते. मध्ये संप आहे. १८५३-५४ साली प्रेस्टन गावात दहा टक्के पगारवाढीसाठी झालेला व कामगारांनी हरलेला संप त्या वेळी ताजा होता. हिगिन्सची मुलगी बेसी छातीत कापसाची धूळ जाऊन मरते. ती धूळ ओढून नेणारे चाक काही गिरण्यांत असते, पण त्याला पैसा पडतो आणि त्यातून नफा दिसत नाही, म्हणून मालक ते बसवीत नाहीत, हे ती पोर सांगते. आणि पुढे असेही सांगते, की काही कामगारांनाच ते चाक नको असते, कारण धूळ गिळायची सवय झालेल्यांस तिच्यावाचून भूक जास्त लागते! हे वाक्य ज्या बाईने ऐकून टिपले तिने कामगारांच्या घरी नक्की पाय ठेवला होता. कापसाचा दमा म्हणजे काय, हे ज्यांनी परळ-लालबागला साचेखात्यात जन्म काढून कोकणात परतलेल्या आपल्याच बापाच्या किंवा चुलत्याच्या खोकल्यावरून ओळखले, त्यांस तो इंग्लंडातला प्रकार वाटणार नाही.

गंमत अशी, की एवढे लिहूनही गॅस्केलबाई वाचकाला गिरणीच्या आत फारशा नेत नाहीत. २००४ साली बीबीसीने ह्या कादंबरीची चार भागांची मालिका केली, तेव्हा पटकथाकार सँडी वेल्श ह्यांनी ते दार उघडले. पुस्तकात नायिकेची आणि थॉर्नटनची पहिली भेट हॉटेलातल्या खोलीत होते, नेहमीच्या सभ्यपणाने. मालिकेत ती गिरणीचे दार ढकलते. आत हवेत पांढरा कापूस बर्फासारखा उडतो आहे, शेकडो साचे दणदणत आहेत, आणि मालक एका कामगाराला बडवून काढतो आहे. का? तर त्याने कापसाजवळ विडी ओढली. हा प्रसंग पुस्तकात नाही. पण पुस्तकाच्या विरुद्धही नाही. कापसाच्या धुळीला ठिणगी लागली तर काय होते हे ठाऊक असलेला माणूस त्या मालकाचा राग समजू शकेल, आणि तरीही त्याचा हात पकडील. दोन्ही बाजू एका प्रसंगात आल्या. गिरणीचे चित्रीकरण बर्नली गावातल्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये झाले. वाफेवर चालणारी ती जुनी गिरणी तिथल्या लोकांनी संग्रहालय म्हणून जपून ठेवली आहे. आपण फिनिक्स मिलचा मॉल केला, हे जाता जाता सांगण्यास हरकत नसावी. त्या मालिकेच्या अखेरीस रेल्वेच्या फलाटावर नायक-नायिका चुंबन घेतात, तेही पुस्तकात नाही. तसे त्या काळी भर फलाटावर घडले असते की नाही, ह्यावर विद्वानांनी वाद घालावा. आमच्या दृष्टीने दोन्ही भर घातलेल्याच गोष्टी आहेत; पण एकीने गोष्टीचे दार उघडले आणि दुसरीने पेक्षकाला खूष करून घरी पाठवले. मालिकेने मूळात नसलेले घातले काय, एवढेच विचारून भागत नाही. काय घातले, आणि त्याने काय दिसू लागले, हे विचारले पाहिजे.

हीच फूटपट्टी वाड्याला लावून पाहू. १८८४ हे वर्ष घ्या. रानडे, वामन आबाजी मोडक, भांडारकर ह्यांच्या खटपटीने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तीच आजची हुजूरपागा. त्यासाठीच्या सभेत गव्हर्नरासमोर रमाबाईंनी इंग्रजीत भाषण वाचले आणि घरी येऊन त्याबद्दल बोलणी खाल्ली. पडद्यासाठी ह्याहून चांगला प्रसंग सापडणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरच्या २३ व २६ तारखांना मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणीकामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, कामावर इजा झाल्यास भरपाई. सूर्यास्तापर्यंत काम ही त्या वेळची मागणी होती, मालकाची अट नव्हे! १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधला तो चहा झाला आणि 'करमणूक' निघाले. त्याच साली १० जूनला मुंबईच्या मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. हे सारे एकाच इलाख्यात, एकाच भाषेत, रेल्वेने काही तासांच्या अंतरावर चालले होते.

आणखी एक धागा आहे. मुंबईच्या गिरण्यांसाठी कायदा व्हावा म्हणून सर्वांत जास्त ओरड केली ती लँकाशायरच्या गिरणीमालकांनी, म्हणजे कादंबरीतल्या थॉर्नटनच्या भाऊबंदांनी. मुंबईचा माल स्वस्त पडू लागला होता, हे त्यांचे दुःख. त्यामुळे १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याकडे आपल्याकडची बरीचशी देशभक्त आणि सुधारक मंडळी संशयानेच पाहत होती. देशी धंदा बुडवण्याचा हा डाव, असे त्यांस वाटे. त्यांचा संशय सर्वस्वी खोटा नव्हता. पण चौदा तास साच्यापाशी उभ्या राहणार्‍या माणसाला कायदा मँचेस्टरहून आला काय नि पुण्याहून आला काय, पाय दुखायचे ते दुखतच होते. देशी भांडवलाचा कैवार आणि कामगाराचा कैवार ह्यांतला हा पेच रानड्यांच्या दिवाणखान्यापासून दूर नव्हता. वाड्याच्या दिंडीदरवाजातून एकच गिरणीवाला पाहुणा आत आणला, सातार्‍याकडचा, रमाबाईंच्या माहेरच्या मुलखातला, आणि त्याला ओसरीवर बसवून रानड्यांशी दोन शब्द बोलायला लावले, तरी तो पेच उभा राहील. वाहिनीचा खर्चही वाढणार नाही, सेट तोच.

दूर कशाला, आमच्या अलिबाग तालुक्यातले चरी घ्या. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झालेला तिथला शेतकर्‍यांचा संप १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील पुढारी. १९३४ साली डॉ. आंबेडकर सभेला आले. १९३७ साली त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सहा वर्षे शेत पडीक ठेवून पोरे कशी जगवली, लाकूडफाटा कोणी विकला, लग्ने कशी लावली, घरातली कोणती बाई खोताच्या घरी भांडी घासायला जायची थांबली आणि कोणती थांबू शकली नाही, ह्यात मालिकेला लागणारे सगळे आहे: सासू, सून, सावकार, आणि दर रात्री चेहर्‍यावर कॅमेरा न्यायला जागा. त्या पिढीची तोंडी आठवण सांगणारी घरे अजून आहेत.

आता शेवटचा हिशेब, आणि तो आमच्या धंद्यातला. शंभर वर्षांपूर्वीचा वाडा रोज अर्धा तास दाखवायचा म्हणजे रोज कोणीतरी तो उभा करतो. नऊवारी नेसवणारी, पगड्या सांभाळणारे ड्रेसदादा, मेकअपदादा, स्पॉटदादा, दिवे वाहणारे लाइटमन, सुतार, रंगारी. बारा तासांची पाळी ही ह्या धंद्यातली नेहमीची गोष्ट, आणि भाग संपला नसेल तर त्यापुढेही. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली होती. १९४८ च्या कायद्यात ती नऊ तासांची होती. म्हणजे रानड्यांचा काळ दाखवणारा माणूस स्वतः १९११ सालात काम करतो. २००८ च्या नोव्हेंबरात पैशाच्या वाटाघाटी फिसकटून मुंबईतले हिंदी मालिकांचे चित्रीकरण ठप्प झाले आणि वाहिन्यांना जुनेच भाग लावावे लागले, तेव्हा प्रेक्षकांस प्रथमच कळले की ह्या यंत्रालाही हात आहेत.

कायद्याची गोष्ट अशी, की १९८१ चा सिने-कामगारांचा कायदा कथाचित्रपटांपुरता लिहिलेला होता. मालिकेचे नाव त्यात नव्हते. २०२० साली संसदेने संमत केलेल्या कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेत 'दृक्-श्राव्य कामगार' हा नवा शब्द आला आणि त्यात मालिकांवर काम करणारेही आले. त्यांच्याशी लेखी करार झाला पाहिजे, असे ती संहिता म्हणते. आमच्या किनार्‍यावरही चित्रीकरणाच्या तुकड्या येतात. वाड्या भाड्याने घेतात, गावची पोरे रोजावर लावतात. मागे एका तुकडीने चार पोरांचे दोन रात्रींचे पैसे थकवले. करारच नव्हता, तेव्हा कोणाच्या नावाने अर्ज करायचा इथून सुरुवात झाली. आम्ही त्या पोरांना एवढेच सांगितले, की पुढच्या खेपेस सेटवर पाय ठेवण्यापूर्वी कागद मागा, त्यावर कंपनीचे नाव, रोज आणि तास लिहून घ्या, आणि एक प्रत आपल्या खिशात ठेवा.